जामीन कोण राहणार?

हिल्मीच्या कॉफीला नावं ठेवणारं माणूस रामल्लाहकडच्या देर लौझ गावात एकच होतं, आणि ती त्याची सख्खी थोरली बहीण. "करपवतोस," म्हणायची. बाकी गाव त्याच्या हातच्या कॉफीची शपथ घ्यायला तयार, पण नझमियाला पटेल तर ना. आईमागं तिनंच त्याला वाढवलं, चुलीपाशी बसवून बिया भाजायला शिकवलं, तेव्हा तिला बोलायचा हक्क होता. गेली नऊ वर्षं मात्र तिनं त्याची कॉफी तोंडाला लावलेली नव्हती. त्यामुळं त्याला नावं ठेवायला कुणी उरलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर याचंच त्याला फार वाईट वाटायचं.

हिल्मी आधी दगडाच्या खाणीत होता. पंचविशीत असताना एक चिरा पायावर आला. पाय वाचला, पण चाल लंगडी झाली. गावानं म्हटलं, तू आता मदाफा सांभाळ. मदाफा म्हणजे गावाची सामायिक बैठक. पाहुणा उतरतो तिथंच, मयताला माणसं टेकतात तिथंच, आणि भांडणं मिटवायची तर तीही तिथंच. तेव्हापासून सदतीस वर्षं झाली. रोज सकाळी लांब दांड्याच्या लोखंडी पळीत बिया भाजायच्या, लाकडी उखळात कांडायच्या, वेलदोडा टाकायचा आणि चोचीच्या पितळी भांड्यात उकळायचं. साखर नाही. पाहुण्याला साखर घातलेली कॉफी देणारं घर आणि लग्नात रडणारा नवरदेव, दोन्हींवर आमच्याकडं कुणी विश्वास टाकत नाही.

या कॉफीचा एक कायदा आहे. कुणी काही मागायला आलं, मग ते मुलगी असो, माफी असो की खुनाची तडजोड, तर यजमान कॉफी पुढं करतो. मागणाऱ्यांचा म्होरक्या ती पीत नाही. कप समोर जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, "आमचं मागणं मान्य होईस्तोवर आम्ही ही पिणार नाही." आता घरी आलेला माणूस कॉफी तशीच टाकून उठला, तर यजमानाचं नाक कापलं गेलं म्हणायचं. मग यजमान आढेवेढे घेतो, दाढी कुरवाळतो, आणि शेवटी म्हणतो, "प्या. जे मागायला आलात ते मिळालं." घोटभर कॉफीत इथं तीन-तीन पिढ्यांची वैरं बुडालीत. पण मागायच्या आधीच कप रिकामा केला, की संपलं. मग कुठल्या तोंडानं मागणार?

यजमानासाठीही एक शहाणपण आहे. आलेल्याचं काम आधी ओळखायचं. काम नको असेल तर कॉफीच लांबवायची. बिया संपल्यात, चूल धुमसतेय, बायको शेजारी गेलीय. असे दहा बहाणे गावात चालतात, आणि ते दहाही हिल्मीनंच शिकवलेले.

परदेशी पाहुणे नेमके कपापाशीच घसरायचे. टेकडीवर कब्जेदारांची वसाहत बसली, आमच्या जैतुनाच्या मळ्यांमधून कुंपण गेलं, त्याला वर्षातले मोजके दिवस उघडणारं फाटक लागलं. त्याची चौकशी करायला, दोन्हीकडच्यांना बोलतं करायला, दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी यायचंच. गाडीच्या काचा काळ्या, हातात वही. हिल्मी कॉफी द्यायचा, आणि पाहुणा एका दमात ती संपवून म्हणायचा, "फारच छान." एक बडा दूत तर तीन कप प्यायला, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाला, "आता मुद्द्याचं बोलू." सगळी बैठक मान खाली घालून हसत होती. मुद्दा त्याच्या पोटात गेला होता. तेव्हापासून गावात म्हणच पडली. हातातलं सगळं आधी देऊन मग घासाघीस करायला बसणाऱ्याला म्हणतात, "हा कॉफी पिऊन बसला." टीव्हीवर बातमी लागली की अमक्या देशाचा दूत निघालाय, की कोपऱ्यातून कुणीतरी म्हणणारच, "अबू शाकिर, कप विसळ. आणखी एक तहानलेला येतोय." शाकिर हा हिल्मीचा थोरला, म्हणून हिल्मी अबू शाकिर.

पण हिल्मीचा राग कपावर नव्हता. कप काय, शिकवला की येतो. त्याचं दुखणं वेगळं होतं आणि ते तो येईल त्याला ऐकवायचा.

"मध्यस्थ रग्गड झाले हो. जामीन कुठाय?"

आमच्याकडं सुल्हा, म्हणजे तडजोड, होते तेव्हा पांढऱ्या फडक्याला गाठी मारतात, आणि एक वजनदार माणूस सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो, मी जामीन. उद्या यांच्यातल्या कुणी शब्द मोडला, तर गाठ माझ्याशी, आणि भरपाई मी करणार. म्हणून जामीन गावातलाच लागतो. मशिदीत, पावाच्या भट्टीवर, मयतात, रोज ज्याचं तोंड दिसतं असा.

"हे येतात, कागद करतात, हात मिळवून फोटो काढतात आणि विमानात बसतात," हिल्मी म्हणायचा. "उद्या समोरच्यानं शब्द फिरवला तर मी कुणाच्या दारात जाऊन बसू? विमानतळावर?"

"पण त्यातला एक तरी मोठा देश जामीन राहील ना," कुणी म्हटलंच, तर हिल्मीचं उत्तर ठरलेलं, "तो? तो तर समोरच्याचा सासरा. सासऱ्याला पंच नेमलेलं कधी पाहिलंस का?" कुणी म्हणे, निदान येतात तरी, आपलं म्हणणं बाहेर जातं. ते मात्र हिल्मी नाकारायचा नाही. "येऊ दे की. पाहुणे म्हणून सोन्यासारखी माणसं आहेत. पाहुण्याला मी कधी नाही म्हटलंय?"

एवढा शहाणा माणूस, आणि याच्या स्वतःच्या घरचं भांडण नऊ वर्षं तसंच. नाजी हा हिल्मीचा चुलतभाऊ आणि नझमियाचा नवरा. दोघांचे जैतुनाचे मळे उतारावर शेजारी-शेजारी, मधे दगडी बांध. नऊ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पावसानं बांध ढासळला. नाजीनं तो पुन्हा रचला, तो नेमका दोन हात हिल्मीच्या अंगावर. त्या दोन हातांत जैतुनाचं एक झाड गेलं. हिल्मी विचारायला गेला. नाजी म्हणाला, दगड पडले तिथंच रचले. शब्दानं शब्द वाढला, आणि नाजी चार माणसांत बोलून गेला, "बांध कोरायची सवय तुझ्या बापाची, माझी नव्हे."

बाप जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हिल्मीनं तिथंच शपथ घेतली, "हे शब्द परत घेईपर्यंत तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही."

पण तो उंबरा नझमियाचाही होता. बकरी ईदला भावानं कुर्बानीच्या मटणाचा वाटा घेऊन बहिणीच्या घरी जायचं, ही आमची रीत. ज्या बहिणीचा भाऊ ईदला आला नाही, ती भट्टीवर पाव घ्यायला जाते तीही मान खाली घालून. हिल्मीनं शाकिरच्या हाती वाटा पाठवला. नझमियानं त्याच्याच हाती निरोप दिला, "मटण मिळालं. भाऊ नाही मिळाला. ज्याचा पाय माझ्या दारात नाही, त्याच्या दारात माझाही नाही." एकाच खोडाची दोघं. त्यानंतर बोलणं म्हणजे मयतात, लग्नात, 'सलाम' आणि 'तब्येत बरी ना' एवढंच. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. दर ईदला हिल्मी नवे कपडे घालून, काठी घेऊन बहिणीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि वळून यायचा.

"आलात बूट झिजवून?" बायको विचारायची.

तो काठी कोपऱ्यात ठेवायचा. बहीण आता एकाहत्तर वर्षांची झाली होती. अजून किती ईद तिच्या आणि किती आपल्या, हा हिशेब तो मनात करायला घ्यायचा आणि अर्ध्यात सोडायचा.

यंदा मे महिन्यात मार्टेन आला. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाचा, उंच, उन्हानं नाक सोललेला माणूस. रामल्लाहला त्याच्या संस्थेचं ऑफिस, आणि भांडणं कशी सोडवावीत याचं तीन दिवसांचं शिबिर आमच्या मदाफ्यात. त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगायला लमीस होती. ही नझमियाची नात, तिखट पोरगी. मार्टेननं फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एकात लिहिलं 'मागणी', दुसऱ्यात 'गरज', आणि म्हणाला, गावातलं एखादं खरंखुरं भांडण घेऊ या. बैठकीतल्या कुणा वात्रटानं कॉफीचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या हिल्मीकडं बोट दाखवलं.

हिल्मी शांतपणे पुढचा कप भरत म्हणाला, "लिही बाबा, लिही. आमची अब्रू फळ्यावर चढायची तेवढी राहिली होती."

दुसऱ्या दिवशी मार्टेन मोजायचा टेप घेऊन घरीच आला. दारात आलेल्याला कसं हाकलणार? हिल्मीनं कॉफी दिली. मार्टेन ती प्यायला, आणखी एक प्यायला, आणि म्हणाला, "फारच छान." लमीस छताकडं बघत राहिली. मग त्यानं उन्हात उभं राहून बांध मोजला, नाजीकडंही गेला, तिथंही प्यायला, आणि दोन दिवसांनी सुबक नकाशा घेऊन हजर. दोन हातांतला एक हात याला, एक हात त्याला. झाडाचं पीक आलटून-पालटून. खाली दोघांच्या सह्यांना जागा.

हिल्मीनं नकाशा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"काढलाय मात्र छान," तो म्हणाला. "पण लमीस, याला विचार, माझा बाप यात कुठं आहे?"

लमीसनं विचारलं. मार्टेनला काही कळेना.

"बरं, ते राहू दे. यावर जामीन कोण राहणार? हा? हा तर शुक्रवारी विमानात बसतोय."

लमीस मार्टेनला आणि तोच कागद घेऊन आपल्या आजोबांकडं, नाजीकडं गेली. नाजीनं चष्मा लावला, कागद वाचला आणि हसत सुटला. "यावर जामीन कोण राहणार? हा? हा तर शुक्रवारी विमानात बसतोय."

परतीच्या वाटेवर मार्टेननं लमीसला विचारलं, माझं चुकलं कुठं? पोरीनं त्याला कपाचा कायदा सांगितला. तो कानापर्यंत लाल झाला, आणि किती घरी किती कप प्यायला ते बोटांवर मोजायला लागला. माणूस वाईट नव्हता हो. शुक्रवारी गेला. नकाशा नाजीच्या घरी राहिला, आणि नझमियानं तो लोणच्याच्या बरणीखाली घातला.

त्या दिवशी आजी आणि नात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसल्या होत्या. लमीसनं दोन्ही घरची नक्कल करून दाखवली, हिल्मीचं कागद लांब-जवळ धरणं आणि नाजीचा चष्मा. नझमियाचा हात पानावरच थांबला.

"दोघं असंच म्हणाले?"

"शब्दाला शब्द, आजी."

"नऊ वर्षांत या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा ऐकते," नझमिया म्हणाली. मग उरलेली पानं तिनं एकामागून एक गुंडाळून संपवली.

ईदच्या आदल्या दिवशी, दुपारचं ऊन कलायला लागलं तेव्हा, हिल्मी अंगणात उद्यासाठी कॉफी करत होता. दार वाजलं. त्याच्या बायकोनं उघडलं आणि ती बाजूलाच सरकली. दारात नझमिया. छातीवर भरतकाम केलेला ठेवणीतला झगा, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि बरोबर कुणीही नाही.

हिल्मीच्या हातातली पळी खाली पडली.

"अगं ताई," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. नऊ वर्षं तो तिला चार लोकांसारखं 'उम्म लबीब' म्हणत होता, लबीबची आई. आज ते कुठल्या कुठं गेलं. लंगडत धावला, उशी झटकली, तिला सावलीत बसवलं. आणि कशाला आलीस, कुणी पाठवलं, काही न विचारता भांडं उचललं, कप भरला आणि तिच्या हातात दिला.

नझमियानं कप घेतला. वास घेतला. आणि समोर फरशीवर ठेवून दिला.

दहा बहाणे शिकवणाऱ्या हिल्मीला त्यातला एकही आठवला नव्हता. परदेशी माणसं घाईनं पितात म्हणून सदतीस वर्षं हसला, आणि आज यानं घाईनं ओतली.

"बाईमाणूस मागायला येत नाही," तो पुटपुटला. "कप ठेवायचा मान म्होरक्याचा."

"म्होरक्या मीच आहे आणि मागं कुणी नाही. ठेवलाय कप. आता उचलून दाखव."

"उचला की, अबू शाकिर," दारातून बायको म्हणाली. "रीत तुमचीच."

हिल्मी कपासमोर बसला. "बोल. काय मागतेस?"

"उद्या माझ्या घरी ये. आपल्या पायानं."

"आणि तुझा नवरा बापाबद्दल जे बोलला ते?"

"ते तो उंबऱ्यावर उभा राहून परत घेईल. चार माणसांत बोलला होता, चार माणसांत घेईल. सकाळी त्याला म्हटलं, आज कॉफी तुम्ही करा. केली बिचाऱ्यानं, नुसता चिखल. तीही मी अशीच खाली ठेवली. दुपारपर्यंत कपाभोवती येरझाऱ्या घालत होता. शेवटी म्हणाला, पी बाई, मिळालं."

हिल्मीला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. "आणि बांध?"

"बांध आहे तिथं राहील. त्या दोन हातांतलं झाड माझं. मी वेचीन, आणि त्याचं तेल दोन्ही घरांत जाईल. बापाची मुलगी आहे मी, एवढं माझं निघतं."

पण हिल्मी हा हिल्मी. जो प्रश्न त्यानं प्रत्येक दूताच्या पाठीमागं विचारला, तो आता बहिणीला तोंडावर विचारला. अर्धी चेष्टा होती, अर्धी भीती.

"आणि जामीन कोण राहणार?"

"मी."

"तू? आमच्यातल्या कुणी मोडलं तर तू काय भरशील?"

नझमियानं ओढणी सारखी केली. तिचा आवाज चढला नाही.

"माझ्याकडं काय आहे भरायला? तू मोडलंस तर माझं माहेर जाईल. त्यानं मोडलं तर माझं घर जाईल. तिसरं दार मला नाही, हिल्मी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विमानं असतात. मला या दोन गल्ल्या सोडून कुठं जायचंय? माझ्याहून पक्का जामीन तुला कुठून आणून देऊ?"

हिल्मी रडला. सरळ, तोंड न लपवता रडला, आणि त्याच्या बायकोनं पाठ फिरवून उगाचच चुलीतली राख उकरली. कॉफी तोवर निवून गेली होती.

"पी ताई," तो म्हणाला. "जे मागायला आलीस ते मिळालं."

"गार झाली."

"दुसरी देतो."

"नको. ठेवलेली हीच." नझमियानं कप उचलला, एका घोटात संपवला आणि तोंड वाकडं केलं. "अजून करपवतोस."

नऊ वर्षांत हिल्मीला एवढं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नमाज झाली, कुर्बानी झाली, आणि हिल्मी नवे कपडे घालून, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मटणाचा वाटा घेऊन निघाला. गल्लीच्या तोंडाशी पाय सवयीनं थबकले. मग पुढं गेले. नाजी उंबऱ्यावर उभा होता. त्या दिवशीची चार माणसं त्यानं गोळा केली होती. त्यातलं एक मधल्या काळात वारलं, म्हणून त्याचा भाऊ आणला होता.

"तुझ्या बापानं कधी कुणाचा बांध कोरला नाही," नाजी मोठ्यानं म्हणाला. "मी रागात खोटं बोललो. या चौघांनी तेव्हा ऐकलं, आता हेही ऐकावं."

हिल्मीनं मान हलवली. लंगडा पाय उंबऱ्यावरून उचलायला त्याला जरा वेळ लागला, तेव्हा नझमियानं त्याची काठी धरली आणि मटण घेतलं. आत उशा मांडलेल्या होत्या. नाजीनं हट्टानं स्वतः कॉफी केली, आणि ती खरोखरच चिखल होती. चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. हिल्मी तीन कप प्यायला आणि म्हणाला, "फारच छान." मागायचं आता त्याला काही राहिलं नव्हतं.